न हलण्याची नोकरी

माझे सासरे कामचुकार आहेत, असं एका काडेपेटीएवढ्या यंत्रानं ठरवलं आणि दवाखान्याच्या मोठ्या बोळात, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशा पडद्यावर ते लाल रंगात लावलं. ही हकिगत शांतपणे सांगायची असं मी ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. दवाखान्यातही ते मामाच. तिथे वॉर्डात राबणारा प्रत्येक पुरुष मामा आणि प्रत्येक बाई मावशी, त्यामुळे नुसती 'मामा' अशी हाक मारली की चारजण वळून बघतात. म्हणून यांना 'खांबमामा' हे नाव पडलं. ज्यानं कोणी ठेवलं त्यानं विचार करून ठेवलं असणार. मामांचं काम धरून उभं राहण्याचं. हाड मोडलेला माणूस प्लास्टरच्या खोलीत आला की हाडांच्या डॉक्टरीणबाई ते ओढून जागेवर बसवतात आणि मग तो हात नाहीतर पाय मामांच्या ताब्यात देऊन म्हणतात, "धरा मामा." पुढे कापूस गुंडाळायचा, भिजवलेल्या पट्ट्यांचे थरावर थर द्यायचे, ते घट्ट व्हायचे, आणि हे सगळं होईपर्यंत मामांनी हलायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? धरायचंच तर आहे. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की हल्ली ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्याला असं वाटतं त्यानं पाण्यानं भरलेली बादली हात लांब करून धरावी आणि एखादं गाणं पूर्ण होईपर्यंत तशीच ठेवावी. गाण्याचं दुसरं कडवं काही त्याच्या कानात शिरायचं नाही.

आणि बादली तरी गरीब असते, नुसती खाली ओढते. मोडलेला हात तसा नसतो. हाड तुटलं की त्याच्या भोवतीचे स्नायू घाबरून आवळतात आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर चढवू पाहतात. ते जेवढ्या जोरानं आत ओढतात तेवढ्याच जोरानं बाहेर ओढून धरलं, तर हाड जिथल्या तिथे राहतं. जरा कमी ओढलं तर सरकलं, जरा जास्त ओढलं तर माणूस किंचाळला. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? एक म्हातारा, एका बाईचा हात धरून, पुतळ्यासारखा उभा. आत दोन जोर एकमेकांना रेटत असतात आणि कोणीच जिंकत नसतं, म्हणून सगळं शांत दिसतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. जी वस्तू हलत नाही तिच्यावर बल नसतं असं नाही, तिच्यावरची बलं एकमेकांना जुळलेली असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून समजावते. पोरांना ते समजतं. मोठ्या माणसांचीच अडचण आहे.

मामा मुळात हमाल. धान्याच्या बाजारात गोण्या वाहायचे. एकदा त्यांच्या जोडीदाराच्या मांडीवर गोण्यांची थप्पी कोसळली. मामांनी त्याला पाठुंगळी मारून दवाखान्यात आणला. तेव्हाचे हाडांचे डॉक्टर एकटेच होते, धरायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी यांनाच सांगितलं, पाय धर. यांनी धरला. काम झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "तू कुठे काम करतोस?" यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "करत होतास." झालं, बाजार सुटला तो सुटलाच.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मामांनी एकदा माझ्या वर्गातलं पुस्तक उघडून बघितलं आणि विचारलं, "सूनबाई, यात माझं काय लिहिलंय?" मी थट्टेत म्हटलं, "मामा, पुस्तकाच्या हिशेबानं तुम्ही गोणी जमिनीवरून डोक्यावर घेतलीत तेवढंच काम. ती घेऊन सपाट रस्त्यानं कोसभर चाललात, ते तुम्ही गोणीवर केलेलं काम शून्य. आणि दवाखान्यात आल्यापासून तर बोलायलाच नको." मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? मी इतकी वर्षं फुकट दमत होतो!" सासूबाई आतून म्हणाल्या, "पुस्तकाला म्हणावं, एकदा यांची पाठ चोळून बघ."

घरी मात्र या माणसाला क्षणभर स्वस्थ बसता येत नसे. चहा पिताना पाय हलवणार, वर्तमानपत्र वाचताना घरभर फिरणार, नळ गळत नसला तरी उघडून बघणार. सासूबाई म्हणायच्या, "तिकडे खांब आणि इकडे भिंगरी. माझ्या वाट्याला नेमकी भिंगरी आली." दिवसभर दाबून ठेवलेली सगळी हालचाल ते घरी आणून मोकळी करत असावेत. दवाखान्यात ते काम करताना मी पाहिलंय. पाय फाकवून उभे, कोपरं बरगड्यांना टेकलेली, श्वाससुद्धा कोणाकडून उसना आणल्यासारखा, जपून घेतलेला. धरलेलं असताना नाकाला खाज सुटली तर मामा डावी भुवई उचलायचे, मग प्लास्टरच्या खोलीतल्या मावशी पुढे होऊन ओल्या हातानं त्यांचं नाक खाजवायच्या. कधीकधी त्यांच्या नाकाला चुन्यासारखा पांढरा ठिपका तसाच लागून राही आणि मामा तो घेऊन घरी येत. मामांनी धरलेलं हाड सरकलं, असं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. का लपवावा?

मग दवाखान्याला नवा व्यवस्थापक आला. तो एका मोठ्या गोदामातून आला होता, जिथे माणसं मालाच्या खोक्यांमागे दिवसभर धावतात. तिथे त्यानं फार नाव कमावलं होतं म्हणे. कमावलं असेल. खोक्यांचं काय, ती ओरडत नाहीत. दवाखान्यातल्या लोकांनी आठवड्याच्या आत त्याचं नाव 'मोजपट्टी' ठेवलं. मोजपट्टीसाहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की काम म्हणजे हालचाल, हालचाल मोजता येते आणि जे मोजता येतं तेच सुधारता येतं. मग प्रत्येकाच्या छातीला एकेक काळी डबी लावली. माणूस हलत राहिला की डबीवर हिरवा दिवा. थोडा वेळ थांबला की पिवळा. आणखी थांबला की लाल, आणि डबी भुणभुणायला लागायची. लोक तिला भुंगा म्हणू लागले. संध्याकाळी बोळातल्या पडद्यावर सगळ्यांची नावं लागायची. वर हसरे हिरवे चेहरे, खाली रडके लाल.

लोक काही दूधखुळे नसतात. धुलाईखान्यातल्या माणसानं, ज्याला सगळे फेसमास्तर म्हणत, आपला भुंगा धुलाई यंत्राच्या झाकणाला फडक्यानं बांधला आणि स्वतः चादरींच्या ढिगावर आडवा झाला. चादरी पिळताना ते यंत्र अंगात आल्यासारखं थडथडायचं. फेसमास्तर लागोपाठ पहिला आला आणि त्याचा फोटो भिंतीवर लागला. रखवालदारानं आपला भुंगा फाटकावरच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवला. पण कुत्रं दुपारी झोपायचं, त्यामुळे त्याची प्रगती मध्यम राहिली.

मामांनी यातलं काही केलं नाही. "दिलंय तर लावायचं," एवढंच ते म्हणाले. आणि भुंगा छातीला लावून ते रोज धरून उभे राहत, आणि तो रोज त्यांच्या छातीवर लाल होऊन भुणभुणत राही, रोगी दचकत, डॉक्टरीणबाई वैतागत. पहिल्या दिवशी पडद्यावर मामांचं नाव सगळ्यांत खाली होतं. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर ते तिथून हललंच नाही.

सासूबाई डोळ्यांत घालायचं औषध आणायला दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांना वाचता येतं, आणि नवऱ्याचं नाव तर अंधारातही वाचता येतं. घरी येऊन त्यांनी पिशवी खुंटीला न लावता जमिनीवर ठेवली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"तुम्ही तिथे झोपा काढता का हो?" त्यांनी मामांना विचारलं.

"कोण म्हणतं?"

"भिंत म्हणते! एवढा मोठा पडदा. माझ्या शेजारी उभी असलेली बाई वाचून हसली. मी तिला सांगितलंसुद्धा नाही की ते आमचे आहेत." आणि त्यांना रडू आलं.

मामा उठून नळ बघून आले. मी मात्र बोलले, बरंच बोलले. पण घरात बोलून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तर निदान तो घडा समोर तरी हवा.

त्यानंतर मोजपट्टीसाहेबांनी मामांना खोलीत बोलावलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की वयाचा मान राखून एवढे दिवस थांबलो, पण नुसतं उभं राहायला माणूस ठेवणं दवाखान्याला परवडत नाही. हातपाय धरायला लोखंडी घोडा मागवलाय, त्याला पट्टे असतात. तो आला की मामांनी ढकलगाडी ओढायची, रोगी इकडून तिकडे न्यायचे. तोवर पडद्यावरचा रंग सुधारला तर फेरविचार करता येईल. हे मामांनी घरी जेवताना सांगितलं, अगदी हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं. पण त्यांना ती खोली सोडायची नव्हती. दुसऱ्या कशाचीही त्यांनी कधी मागणी केली नव्हती. ना वरच्या पदाची, ना सोप्या पाळीची. त्यांना फक्त तिथे उभं राहायचं होतं.

आणि इथे मामा चुकले. अशी चूक करायला आधी मामांसारखं धरता यावं लागतं. त्यांनी विचार केला, हात स्थिर ठेवायचा आहे, गुडघा थोडाच स्थिर ठेवायचाय? छातीवरच्या भुंग्याला हालचाल हवी आहे, घे बाबा. त्यांनी धरून उभं असताना एक गुडघा हळूहळू वाकवायला आणि सरळ करायला सुरुवात केली. घरी चहा पिताना पाय हलवायचे तसाच. खांद्यातून हातात काही उतरू द्यायचं नाही, असा त्यांचा बंदोबस्त होता. भुंगा पिवळा झाला. दोनचार दिवसांत नाव खालून जरासं वर सरकलं. सासूबाईंना त्यांनी मुद्दाम सांगितलं.

पण अंग म्हणजे काही वेगवेगळ्या खोल्यांची चाळ नव्हे, की एका खोलीत नाचलं तर दुसरीत कळू नये. गुडघ्याचा हेलकावा कमरेत जातो, कमरेचा पाठीत, पाठीचा दंडात, आणि दंडातून बोटांपर्यंत पोचतोच. कमी होऊन पोचतो, एवढंच.

मग एका गुरुवारी एक शिंपीणबाई आल्या. शाळांचे गणवेश शिवायच्या, स्वतःचं दुकान, पन्नाशीच्या आसपासच्या, जिभेनं कात्रीपेक्षा धारदार. ओल्या पायरीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी सुई देऊन मनगट बधिर केलं, ओढून हाड बसवलं आणि म्हणाल्या, "धरा मामा." मामांनी त्यांची बोटं धरली, ताण घेतला आणि गुडघा चालू केला. त्या दिवशी त्यांना लय सापडली असावी. पट्ट्या गुंडाळल्या जात होत्या, प्लास्टर कोमट होऊन घट्ट होत होतं, आणि भुंगा पहिल्यांदाच हिरवा झाला होता. त्याच वेळी मामांना बोटांत काहीतरी निसटल्यासारखं जाणवलं. एवढंसं, कणभर. त्यांना वाटलं, भास असेल.

आठवड्यानं शिंपीणबाई पुन्हा हाडाचा फोटो काढायला आल्या. हाड तिरकं झालं होतं. तसंच जुळू दिलं असतं तर मनगट वाकडं राहिलं असतं, कात्री धरता आली नसती. प्लास्टर कापून, जुळू लागलेलं हाड पुन्हा सोडवून, पुन्हा ओढून बसवायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी. डॉक्टरीणबाई मामांना म्हणाल्या, "असं होतं कधीकधी मामा. चांगलं धरूनही सरकतं." त्या भल्या बाई आहेत. मामांनी मान हलवली आणि सांगितलं, "उद्या दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

त्या संध्याकाळी ते घरी येऊन खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. पाय हलवला नाही. आम्हाला सगळं सांगितलं, गुडघ्यासकट. "मला कळलं होतं सूनबाई," ते म्हणाले. "सरकलं तेव्हाच कळलं होतं. पण दिवा हिरवा होता. मी त्या दिव्याकडे बघत होतो." आणि मग आपले दोन्ही हात पालथे-उलथे करून बघत म्हणाले, "आता मी कोणाला धरणार नाही. माझा मलाच भरवसा नाही." सासूबाईंनी पाण्याचा पेला आणला आणि तो हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

मी पायांत चपला सरकवल्या आणि दवाखान्यात गेले. मोजपट्टीसाहेब अजून खोलीतच होते. मला वाटलं होतं, असा माणूस दिसायलाही खडूस असेल. तसं काही नव्हतं. नीटनेटका, हसतमुख, मला खुर्ची दिली, पाणी विचारलं. चिडलेल्या माणसाला पाणी विचारणाऱ्यावर आणखीनच चिडायला होतं.

मी सांगितलं, मी खांबमामांची सून. धरून उभं राहणं म्हणजे रिकामं उभं राहणं नव्हे. तुमचं यंत्र फक्त गती बघतं, त्याला बल दिसतच नाही.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"विज्ञान शिकवते."

"मग तर तुम्हाला पटायला हवं," ते खुशीत म्हणाले. "आम्हीही शिकलोय. बल गुणिले विस्थापन. वस्तू जागची हलली नाही तर कार्य शून्य. तुमच्याच पुस्तकात आहे."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण मी मास्तरीण आहे, चुकीचं उत्तर समोर आलं की मला समजावल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "व्याख्या बरोबरच आहे. भिंतीला जोर लावला आणि भिंत हलली नाही, तर भिंतीवर कार्य शून्य. म्हणजे भिंतीला ऊर्जा मिळाली नाही. ढकलणाऱ्याची किती खर्च झाली, ते त्या सूत्रात नाहीच. त्याचे स्नायू आतल्या आत सारखे आवळतात, सुटतात, तापतात, म्हणून तो घामानं भिजतो. तुम्ही भिंतीचा हिशेब माणसाच्या नावावर लिहिताय. आणि इथे तर न हलणं हेच काम आहे. हाड हललं नाही म्हणजे काम झालं. हललं म्हणजे बिघडलं!"

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमची कळकळ समजते. पण एक सांगू? तुम्ही उगाच घाबरताय. सासरे सुधारताहेत." आणि त्यांनी टेबलावरचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. गेल्या गुरुवारी तर कमालच केली. पूर्ण हिरवे. त्यांच्या विभागात सर्वोत्तम! मनावर घेतलं की होतं, बघा."

पडद्यावर मामांच्या नावापुढे हसरा हिरवा चेहरा होता.

मी त्यांना सांगितलं, त्याच गुरुवारी, त्याच वेळी, एका बाईचं मनगट बिघडलं. ते हिरवं दिसतंय ना, ते म्हणजे तिचं हाड सरकताना. उद्या ते पुन्हा सोडवणार आहेत.

त्यांचा चेहरा खरोखर उतरला. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग ते म्हणाले, "अरेरे. पण उपचारांचा भाग माझ्याकडे येत नाही हो. माझ्याकडे फक्त हालचाल येते."

मी उठले.   दगडावर डोकं आपटलं तर दगडही तेवढ्याच जोरानं उलट मारतो. इथे तर आपटायला दगडसुद्धा नव्हता, नुसती कापसाची गादी होती.

सकाळी सासूबाईंनी फर्मान काढलं, "तू यांच्याबरोबर जा, नाहीतर वाटेतनं परत फिरतील." म्हणून मी मामांना घेऊन गेले. प्लास्टरच्या खोलीच्या दारात मी उभी राहिले. आत शिंपीणबाई टेबलावर आडव्या झालेल्या, प्लास्टर कापून काढलेलं, मनगट सुजलेलं. डॉक्टरीणबाईंनी धरायला वॉर्डातला एक तरणाताठा माणूस बोलावला होता. तो नखं चावत उभा होता. मामा दाराजवळच थांबले आणि तिथूनच हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचा हात माझ्यामुळे बिघडला. मी हललो. आज हे धरतील."

शिंपीणबाईंनी मान वळवून आधी त्या तरण्याकडे बघितलं, मग मामांकडे.

"आमच्या धंद्यात एक रीत आहे," त्या म्हणाल्या. "ज्यानं चुकीची शिवण घातली, त्यानंच ती उसवायची आणि त्यानंच पुन्हा घालायची. दुसऱ्याच्या हाती दिली की कापड फाटतं. या इकडे."

"बाई, माझा भरवसा—"

"भरवशाचं मी बघते. हात माझा आहे. तुम्ही फक्त ते भुणभुणणारं काढा."

मामांनी छातीवरचा भुंगा काढला. कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, तेव्हा मावशींनी तो त्यांच्या हातातून घेऊन खिडकीत ठेवला. मामांनी हात धुतले, पुसले, पाय फाकवून उभे राहिले. सुई देऊन झाली. डॉक्टरीणबाईंनी हाड सोडवलं तेव्हा शिंपीणबाईंनी बधिर असूनही अशी काही शिवी दिली की त्या तरण्याचे कान लाल झाले. मग हाड ओढून बसलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धरा मामा."

त्यांनी धरलं. मी शिक्षिका आहे, मला बलांचे बाण कागदावर काढता येतात; पण ते असे माणसात उभे राहिलेले मी त्या दिवशी बघितले. मानेच्या शिरा ताठ, कपाळावर घाम, डोळे बाईंच्या बोटांवर, आणि बाकी सगळं थांबलेलं. खिडकीत भुंगा लाल होऊन भुणभुणायला लागला. कोणी तिकडे बघितलं नाही. पट्टीवर पट्टी चढत होती. मामांच्या नाकाच्या टोकावर घामाचा थेंब जमला, त्यांनी भुवई उचलली, मावशींनी तो टिपला. प्लास्टर घट्ट झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सोडा मामा." तरी त्यांनी लगेच सोडलं नाही, आधी श्वास सोडला, मग एकेक बोट.

लगेच फोटो काढला. हाड सरळ होतं. ते तसंच जुळलं.

आता तुम्हाला वाटेल, साहेबांचे डोळे उघडले, भुंगे गेले, मामांना त्यांची जागा मिळाली. मलाही तसंच सांगायला आवडलं असतं. भुंगा काढून ठेवला म्हणून मामांचं नाव त्या संध्याकाळी पुन्हा तळाला गेलं आणि पुढच्याच आठवड्यात लोखंडी घोडा आला. डॉक्टरीणबाई साहेबांशी भांडल्या, अगदी तोंड सुटेपर्यंत भांडल्या. त्यांना उत्तर मिळालं की घोडा थकत नाही. खरंच थकत नाही. पण रोग्याचा स्नायू आवळला हे त्याला कळतही नाही, तो आपला पहिल्या दिवशी जेवढा घट्ट बांधला तेवढाच घट्ट. डॉक्टरीणबाई आता अर्धं लक्ष प्लास्टरकडे आणि अर्धं पट्ट्यांकडे ठेवून काम करतात. आणि मामा ढकलगाडी ओढतात. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणालाही जमेल असं काम, त्यांच्या वयाच्या माणसाला सोडून. त्यांचे गुडघे सुजतात. पडद्यावर मात्र ते हिरवे आहेत, वरून तिसरे की चौथे.

शिंपीणबाईंचं प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी मला शाळेत निरोप पाठवून दवाखान्यात बोलावून घेतलं. आम्ही दोघी मोठ्या बोळात उभ्या राहिलो, त्या पडद्याच्या खालीच. मामा रिकामी गाडी ढकलत आले. त्यांनी आम्हाला बघितलं, हसले, पण थांबले नाहीत. थांबायची सवय मोडावी लागली होती.

"ओ खांबमामा," शिंपीणबाईंनी हाक मारली. "जरा थांबा."

त्यांनी पर्समधून सुई काढली, दोरा काढला, दोऱ्याचं टोक ओलं केलं. मनगट अजून बारीक आणि फिकट दिसत होतं. सुई डाव्या हातात आणि दोरा उजव्या. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. "घाई नाही," त्या स्वतःलाच म्हणाल्या. मामा गाडीच्या दांड्यावर हात ठेवून बघत होते. भुंगा पिवळा झाला. मागून येणारा कोणीतरी म्हणाला, "मामा, चला पुढे, लाल होईल." तिसऱ्यांदा दोरा सुईत गेला. बाईंनी तो ओढून घेतला, हात उंच करून मामांच्या डोळ्यांसमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. हात जराही कापत नव्हता.

मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. छातीवर भुंगा लाल झाला आणि भुणभुणू लागला, वरच्या पडद्यावर त्यांचं नाव एकेक ओळ खाली घसरू लागलं. भुंगा बोंबलत राहिला. मामा हलले नाहीत.